आगीच्या बंबाचे घोडे इतक्या उशिरा का गेले?

बर्लिन, लॉस एंजेलिस अशा काही शहरांच्या अग्निशमन दलांत विजेवर चालणारे बंब दाखल झाले आहेत. आपल्याकडे बसगाड्या विजेवर धावू लागल्यापासून हा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : आग आठ तास चालली आणि बॅटरी मध्येच संपली तर? प्रश्न रास्त आहे आणि जुनाही. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी पेट्रोलच्या इंजिनाबद्दल जगभरचे अग्निशमन अधिकारी हेच विचारत होते. सर्वांना पटेल असं उत्तर मिळायला पंधरा-वीस वर्षं गेली.

कार्ल बेंझने मोटारगाडीचं पेटंट घेतलं १८८६ मध्ये. न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलातले शेवटचे घोडे आगीच्या घंटेवर धावले डिसेंबर १९२२ मध्ये. मधल्या काळात श्रीमंतांच्या दारात मोटारी आल्या, टॅक्स्या आल्या, मालाचे ट्रक आले. जिथे एकेका मिनिटाला किंमत आहे, त्या खात्यात मात्र घोडे राहिले. हे वाचून बहुतेकांना वाटतं, सरकारी कारभारच सुस्त, दुसरं काय! मला हा निवाडा अन्यायाचा वाटतो. उशीर झाला त्यामागे पैशांची अडचण होती, थोडी मायाही होती. पण सर्वांत मोठं कारण यंत्राच्या पोटात होतं.

बंबाची दोन कामं

आगीच्या बंबाला दोन कामं करावी लागतात. पहिलं, माणसं, पाइप, शिड्या आणि स्वतःचं धूड आगीपर्यंत नेणं. दुसरं, तिथे पोचल्यावर पाणी जोराने फेकणं. घोडा यातलं फक्त पहिलं काम करत असे. पाणी फेकायला वाफेवर चालणारा पंप होता. अशा पंपाच्या गाडीला इंग्रजी मुलुखात ‘स्टीमर’ म्हणत. पुढे तोच शब्द वापरतो.

त्यामुळे ‘घोडा की मोटर’ ही स्पर्धा दिसते तेवढी सरळ नव्हती. मोटरला एकाच वेळी घोडाही व्हायचं होतं आणि वाफेचं इंजिनही. घोड्याची जागा घेणं तिला लवकर जमलं. अडलं ते दुसऱ्या कामापाशी.

घोडे मुळात आले कधी?

घोडागाडीचा बंब म्हणजे फार प्राचीन गोष्ट, असं आपल्याला वाटतं. अमेरिकेतल्या शहरांत तो जेमतेम साठ-सत्तर वर्षं टिकला. त्याआधी हातपंप असत. दोन्ही बाजूंच्या लांब दांड्यांना माणसं लटकायची आणि वर-खाली करून पाणी फेकायची. गाडी ओढायचीही माणसांनीच. ही माणसं बहुधा स्वयंसेवक असत, आणि कोणाची टोळी आधी पोचते यावरून त्यांच्यात हाणामाऱ्या होत.

लंडनमध्ये ब्रेथवेट आणि एरिक्सन यांनी १८२९ मध्येच वाफेचा पंप बनवून दाखवला होता. तो चालला, तरी दलांनी त्याला जवळ केलं नाही. खरी सुरुवात झाली अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात, १८५३ मध्ये. त्या शहराने स्टीमर घेतला आणि पगारी दल उभारलं. न्यूयॉर्कमध्ये पगारी दल आलं १८६५ मध्ये. स्टीमरचं वजन तीन-चार टनांच्या घरात. एवढं धूड माणसांनी पळत ओढणं अशक्य, म्हणून घोडे आले आणि घोड्यांबरोबर तबेला, चारा, नालबंद, प्रशिक्षित गाडीवान असा सगळा पसारा आला. पुढे मोटर घेताना शहरांना हाच पसारा मोडायचा होता, आणि तो उभारायला त्यांनी बराच पैसा ओतला होता.

घंटा वाजल्यावर काय व्हायचं

या काळातलं ठाणं आतून बघितलं तर अधिकारी घोडे सोडायला तयार का नव्हते ते कळतं.

तळमजल्यावर मधोमध स्टीमर उभा. त्याच्या मागे किंवा बाजूला घोड्यांचे ठाण. वरच्या मजल्यावर माणसं झोपायची आणि चारा साठवलेला असायचा. गाडीच्या पुढच्या दांडीच्या वर, छतापासून, घोड्यांचा सगळा साज टांगलेला. घंटा झाली की ठाणांची दारं आपोआप उघडायची आणि घोडे कोणी न ओढता पळत येऊन आपापल्या जागी, टांगलेल्या साजाखाली उभे राहायचे. दोरी ओढली की साज पाठीवर पडायचा. गळ्यातला पट्टा बिजागरीचा होता. तो एका झटक्यात ‘खट्’ करून मिटायचा. बकल नाही, गाठ नाही. सराव झालेली तुकडी मिनिटाच्या आत रस्त्यावर असे. वरून माणसं उतरायची ती खांबावरून घसरत. ही युक्ती शिकागोत १८७८ मध्ये कॅप्टन डेव्हिड केन्यन यांच्या तुकडीने सुरू केली, आणि ती सुचली चारा रचायच्या लाकडी वाशावरून.

आता वाफेचं बघा. थंड पाण्यापासून वाफ करायला वेळ लागतो, आणि आग तर थांबत नाही. यावर दोन उपाय होते. पहिला उपाय बॉयलरच्या रचनेत. जुन्या न्हाणीघरातला तांब्याचा बंब आठवा : मधल्या नळीत जाळ, भोवती पाणी. स्टीमरचा उभा बॉयलर साधारण त्याच तत्त्वाचा. फक्त एका जाड नळीऐवजी त्यात पुष्कळ बारीक नळ्या. जाळाचा स्पर्श जास्त पृष्ठभागाला होतो, त्यामुळे पाणी चटकन तापतं. दुसरा उपाय ठाण्याच्या तळघरात. तिथल्या भट्टीतून गरम पाण्याची नळी वर येऊन स्टीमरला जोडलेली असायची, त्यामुळे बॉयलर रात्रंदिवस कोमट राही. गाडी पुढे सरकली की ही नळी आपोआप सुटायची. निघता निघता फायरमन स्टीमरच्या भट्टीतल्या भुशा-लाकडाला पेट द्यायचा, आणि गाडी आगीपाशी पोचेपर्यंत पंप चालवण्यापुरती वाफ तयार असायची. मग कोळसा टाकत राहिलं की स्टीमर मिनिटाला दोन-तीन हजार लिटर पाणी तासन् तास फेकत राही.

हे सगळं इतकं घासूनपुसून बसलेलं होतं. १९०० साली एखाद्या अधिकाऱ्यासमोर कोणी खडखडणारी, दर चार मैलांवर बंद पडणारी मोटार आणून उभी केली तर त्याने कशाला हुरळून जायचं?

पण घोड्यांचे तोटे काय कमी होते?

कमी नव्हते. जड स्टीमर घेऊन घोडा फार दूर दौडू शकत नाही. मैल-दीड मैलात दम लागतो; चढ असेल तर त्याआधीच. म्हणून ठाणी जवळजवळ बांधावी लागत. घोडा आजारी पडतो, पाय मुरगळून घेतो, बर्फावर घसरतो.

सर्वांत मोठा धडा मिळाला बोस्टनला. १८७२ च्या शरद ऋतूत कॅनडातून घोड्यांच्या तापाची साथ पसरली आणि पूर्व अमेरिकेतली शहरं ठप्प झाली. मालाच्या घोडागाड्या नाहीत, ट्राम नाहीत. बोस्टनच्या अग्निशमन दलाचे प्रमुख जॉन डॅमरेल यांनी गाड्या हाताने ओढायला जादा माणसं नेमली. ९ नोव्हेंबरच्या संध्याकाळी व्यापारी भागात आग लागली आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत सुमारे ६५ एकरांतल्या ७७६ इमारती खाक झाल्या.

ही गोष्ट सांगताना ‘घोडे नव्हते म्हणून बोस्टन जळलं’ असं म्हणायची पद्धत आहे. ते पूर्ण खरं नाही. चौकशीत दिसलं की माणसांनी गाड्या ओढल्यामुळे काही मिनिटांचाच उशीर झाला होता. खरी अडचण पाण्याची होती : रस्त्याखालच्या जलवाहिन्या अरुंद, दाब कमी, आणि उंच इमारतींची छपरं लाकडी. डॅमरेल यांनी हे धोके आधीच बोलून दाखवले होते. गाडी किती वेगाने येते यापेक्षा ती पोचल्यावर पाणी मिळतं का, हे जास्त महत्त्वाचं असतं. बंबाच्या इतिहासातली ही बाजू फार कमी सांगितली जाते.

मग मोटर अडली कुठे?

मोटारगाडी रस्त्यावर धावते तेव्हा इंजिनावर पूर्ण भार क्वचितच असतो. चढावर थोडा वेळ जोर लागतो, सपाटीवर सैल. शिवाय गाडी पळत असल्यामुळे समोरून वारा लागतो आणि रेडिएटर, म्हणजे इंजिन थंड ठेवणारी पाण्याची जाळी, आपलं काम नीट करते.

पंप चालवताना सगळं उलटं. गाडी एका जागी उभी, वारा नाही, समोर आगीची धग, आणि इंजिन पूर्ण जोराने, न थांबता, चार तास, आठ तास. त्या काळातली इंजिनं याला टिकत नसत. ती तापायची, वंगण पातळ व्हायचं, ठिणगीची यंत्रणा दगा द्यायची. वाफेच्या इंजिनाला हेच एकसुरी, जड काम सर्वांत मानवतं. म्हणून अधिकारी म्हणत होते की धावायला मोटर चालेल, पाणी फेकायला नको.

पहिल्या मोटारी आल्या त्या याच हिशोबाने आल्या. त्यांनी प्रमुखांना नेलं, पाइपांच्या गुंडाळ्या वाहिल्या, किंवा सोडा आणि आम्ल एकत्र करून तयार होणाऱ्या वायूच्या दाबाने पाणी फेकणाऱ्या छोट्या टाक्या वाहिल्या. न्यूयॉर्कने १९०९ मध्ये घेतलेली मोटारही पाइप वाहणारीच होती.

एकाच इंजिनाने गाडीही चालवायची आणि पंपही, हे इंग्लंडमध्ये मेरीवेदर कंपनीने साधलं. त्यांचा पेट्रोलवरचा बंब लंडनजवळच्या फिंचलीत १९०४ मध्ये दाखल झाला. अमेरिकेत वॉटरस कंपनीने १९०६ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या वेन गावाला जो बंब दिला त्यात चक्क दोन पेट्रोल इंजिनं होती : एक चाकांसाठी, दुसरं फक्त पंपासाठी. धावताना पहिलं बिघडलं तरी पंपाचं शाबूत राहावं, असा त्याचा फायदा. पुढच्याच वर्षी त्यांनी कॅलिफोर्नियातल्या अलामीडाला एकाच इंजिनाचा बंब दिला. तत्त्व सोपं आहे. गाडी उभी करायची, गिअर बदलून चाकांकडे जाणारी ताकद तोडायची आणि तीच पंपाकडे वळवायची. आजचे बहुतेक बंब हेच करतात.

तरी विश्वास बसायला वेळ गेला, आणि बसला तो जाहिरातींमुळे नव्हे. अमेरिकेतल्या आग-विमा कंपन्यांच्या संघटनेने मोटर-पंपांसाठी बारा तासांची चाचणी ठरवली. आधी पूर्ण क्षमतेने, मग पाणी कमी करून दाब वाढवत, सलग बारा तास पंप चालवून दाखवायचा. जो टिकेल तो घ्या. ही चाचणी मला या सगळ्या कथेतली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते. वाद घालण्यापेक्षा त्यांनी नेमकी भीती पकडली आणि तिचीच परीक्षा लावली.

पुढे मोटर, मागे वाफ

हा विश्वास बसेपर्यंत शहरांनी जे केलं ते आज विचित्र दिसतं. त्यांच्याकडे उत्तम स्थितीतले, महागडे स्टीमर उभे होते. ते भंगारात घालायचे? न्यू जर्सीतल्या जे. वॉल्टर क्रिस्टी या अभियंत्याने तोड काढली. त्याने दोन चाकांचा मोटर-ट्रॅक्टर बनवला. स्टीमरची पुढची चाकं आणि घोड्यांची दांडी काढायची, त्या जागी हा ट्रॅक्टर बसवायचा. इंजिन आडवं, ताकद पुढच्या दोन चाकांना. मागे तोच जुना स्टीमर, तोच धुराचा नळकांडा, तोच कोळसा टाकणारा माणूस. आगीपर्यंत पेट्रोल नेणार आणि पाणी वाफ फेकणार. असे ट्रॅक्टर शेकड्यांनी विकले गेले आणि न्यूयॉर्क त्यांचं मोठं गिऱ्हाईक होतं. हाच क्रिस्टी पुढे रणगाड्यांच्या चाकांच्या रचनेसाठी जगप्रसिद्ध झाला.

दिसायला ही जोडतोड. पण घोड्याचं काम आणि वाफेचं काम किती वेगळं होतं ते यावरून कळतं. घोडे गेल्यावरही वाफ काही वर्षं टिकली.

खर्चाचं गणित कोणी फिरवलं?

घोडा आग लागो न लागो, रोज खातो. त्याला नाल लागते, पशुवैद्य लागतो, तबेला झाडायला माणूस लागतो. काही वर्षांनी तो थकतो आणि नव्याला शिकवावं लागतं. मोटर उभी असताना पेट्रोल पीत नाही. ज्या गाडीचं काम दिवसातला बहुतेक वेळ उभं राहणं हेच आहे, तिच्यासाठी हा फरक फार मोठा आहे. शिवाय मोटर-ठाणं जास्त टापू सांभाळतं, म्हणजे नव्या वस्तीसाठी प्रत्येक मैलावर तबेला बांधायला नको.

हँडल मारून गाडी सुरू करण्याची कटकट १९१२ मध्ये कॅडिलॅक गाड्यांत आलेल्या विजेच्या स्टार्टरने सोडवली. पहिल्या महायुद्धाने जड ट्रक कसे बनवायचे आणि चिखलातून कसे चालवायचे ते हजारो माणसांना शिकवलं. मग बदल भराभर झाला. लंडनने १९२१ मध्ये घोडे थांबवले. त्यांना ते सोपंही होतं, कारण त्यांचे घोडे स्वतःचे नव्हतेच. थॉमस टिलिंग नावाच्या गाडीवाल्या कंपनीकडून भाड्याने घेतलेले असत. डेट्रॉइटने एप्रिल १९२२ मध्ये, न्यूयॉर्कने त्याच वर्षाच्या शेवटी आणि शिकागोने फेब्रुवारी १९२३ मध्ये घोड्यांना निरोप दिला. डेट्रॉइटची शेवटची दौड बघायला सुमारे पन्नास हजार माणसं रस्त्यावर उभी होती.

एवढी माणसं का आली, हे समजू शकतं. हे घोडे शहराला नावानिशी ठाऊक असायचे. त्यांच्यावर आयुष्य घालवलेल्या गाडीवानांना ‘आता ड्रायव्हिंग शिका’ असं सांगितलं गेलं. काहींना जमलं, काहींना नाही.

मुंबईत काय झालं?

मुंबईत १८५५ पासून घोड्यांचे बंब होते आणि आग विझवणं हे पोलिसांचं जोडकाम होतं. पुढे ती जबाबदारी महापालिकेकडे आली आणि १८९० मध्ये लंडनच्या दलातले डब्ल्यू. निकोल्स प्रमुख म्हणून नेमले गेले. मुंबईचा पहिला मोटर-बंब आला १९०७ मध्ये. त्याच वर्षी शहरात विजेची ट्राम सुरू झाली. त्याआधी १८७४ पासून ट्रामही घोडेच ओढत होते. १९२० पर्यंत मुंबईच्या दलातून घोडे पूर्ण गेले. म्हणजे मुंबई या बाबतीत लंडन, न्यूयॉर्क आणि शिकागो या तिघांच्याही पुढे होती.

याची कारणं मला साधी दिसतात. दल लहान, त्यामुळे बदलायच्या गाड्या थोड्या. थंडीत इंजिन गोठण्याची भीती नाही. आणि चांगला घोडा इथे स्वस्तात मिळत नव्हता. तो अरबस्तानातून किंवा ऑस्ट्रेलियातून बोटीने यायचा आणि दमट हवेत त्याला जपावं लागायचं.

विजेच्या बंबाला हे लागू पडतं का?

बऱ्याच अंशी. रस्त्यावर धावायला बॅटरी पुरते, कारण शहरातल्या बंबाचा रोजचा प्रवास थोडा असतो. प्रश्न पुन्हा तासन् तास पंप चालवण्याचाच आहे. म्हणून लॉस एंजेलिसने घेतलेल्या विजेच्या बंबात एक डिझेल इंजिनही आहे. बॅटरी उतरू लागली की ते वीज पुरवतं. वेनच्या दोन इंजिनांच्या बंबामागचाच हा विचार. याला कोणी फसवणूक म्हणू नये. बदलाच्या मधल्या टप्प्यात शहाणी माणसं असंच करतात. फरक एवढाच की तेव्हा मोटरने खर्च वाचवला. विजेचा बंब आज घेतानाच बराच महाग पडतो, आणि आपल्या नगरपरिषदांनी तो आत्ताच घ्यावा असं मला वाटत नाही. आधी आहेत ते बंब धड चालते ठेवणं गरजेचं आहे.

मोटरने खरा फरक कुठे पडला?

वेगापेक्षाही वजनात. स्टीमर स्वतःबरोबर आग विझवण्यापुरतं पाणी नेत नसे. ते रस्त्यातल्या नळावरून, विहिरीतून किंवा नदीतून घ्यावं लागे. मोटरमुळे गाडीवरच पाण्याची टाकी बसवता आली. पोचल्याबरोबर, नळ शोधायच्या आत, पहिला फवारा मारता येऊ लागला. आणि जिथे नळच नाही अशा गावांपर्यंत बंब जाऊ लागला.

आपल्याकडे ऊस पेटतो तेव्हा तालुक्याच्या नगरपरिषदेचा किंवा साखर कारखान्याचा बंब बोलावतात. पंचवीस-तीस किलोमीटरवरून पाणी घेऊन येणं हे कुठल्याच घोड्याला जमलं नसतं. पण ‘मोटर लांब जाते, मग ठाणी कमी चालतील’ हा शंभर वर्षांपूर्वीचा हिशोब आपण ग्रामीण भागात फारच ताणला आहे. वाळलेला पाचट पेटल्यावर बंब पाऊण तासाने पोचला, तर तोवर आग शेजारच्या चार फडांत गेलेली असते. तिथे आणखी वेगवान गाडीचा उपयोग नाही. फडांच्या जवळ, बारा महिने पाणी भरून ठेवलेला आणि रात्रीही ड्रायव्हर हजर असलेला एक साधा बंब हवा आहे.